दरारा

गेल्या वर्षी आमच्या वाङ्मय मंडळाच्या वतीने सर्गेई आयझेनस्टाइन यांच्या 'इव्हान द टेरिबल' या चित्रपटाचा दुसरा भाग विद्यार्थ्यांना दाखवला. पदवीच्या तिसऱ्या वर्षाचे आणि एम. ए.चे मिळून पंचवीसेक विद्यार्थी होते. प्रोजेक्टर भूगोल विभागाकडून मागून आणलेला. वर्गाला पडदे नाहीत, म्हणून खिडक्यांच्या काचांवर वर्तमानपत्रे चिकटवलेली. चित्रपट संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “मॅडम, 'टेरिबल'ला आपण मराठीत काय म्हणायचं?”

प्रश्न वरवर साधा होता, पण मी अडखळले. झार इव्हान चौथा याला रशियन माणूस 'ग्रोज़्नी' म्हणतो. इंग्रजीने त्याचे 'टेरिबल' केले, आणि आपण रशियाकडे बहुधा इंग्रजीच्या खिडकीतूनच पाहत आल्यामुळे आपल्याकडे तो 'भयंकर' किंवा 'क्रूरकर्मा' झाला. मूळ शब्द इतका एकेरी नाही. त्याच कुळातल्या 'ग्रोज़ा' या शब्दाचा आजच्या रशियनमधला अर्थ विजांचे, गडगडाटी वादळ असा आहे. अशा वादळाची भीती वाटते. पण त्याच्याविषयी घृणा वाटत नाही, उलट एक प्रकारचा आदरच वाटतो. 'ग्रोज़्नी'त हे दोन्ही आहे.

मी फळ्यावर शब्द लिहीत गेले : धाक, जरब, वचक, दहशत, दरारा. मुले उत्साहाने सरसावली. दहशत गुंडाची असते, वचक पोलिसांचा असतो, जरब आवाजात असते, धाक वडिलांचा असतो. आणि दरारा? एक मुलगा म्हणाला, “मॅडम, शोकसभेत म्हणतात ना, सरांचा काय दरारा होता!” सगळे हसले. खरेच आहे. आपल्या भाषेत 'दरारा' हा शब्द बहुतेक वेळा स्तुतीचा म्हणून येतो. ज्याला आपण घाबरत होतो, त्याच्या मोठेपणाची खूण म्हणून आपणच आपल्या भीतीची साक्ष काढतो. एकमताने 'दरारा' ठरला. मी त्या शब्दाखाली रेघ ओढली आणि खडू हातात धरून थोडा वेळ तशीच उभी राहिले. का, ते त्या वेळी मुलांना सांगितले नाही. इथे सांगायचा प्रयत्न करते.

* * *

पहिला भाग मी २००६च्या उन्हाळ्यात पुण्यात पाहिला. फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्या महिनाभराच्या चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रमाला मी गेले होते. नुकतीच नोकरीला लागले होते. मराठी ऐतिहासिक नाटकांवर काहीतरी मोठे लिहायचे मनात होते, आणि इतिहासातला राजा पडद्यावर कसा उभा राहतो, एवढ्याच कुतूहलाने मी त्या चित्रपटाकडे पाहत होते.

त्या भागाने मला अक्षरशः भारून टाकले. सोळा-सतरा वर्षांचा इव्हान १५४७ मध्ये स्वतःच्या हाताने स्वतःला झार म्हणून उभे करतो; अवतीभवतीचे बोयार, म्हणजे सरंजामी उमराव, नाके मुरडत कुजबुजतात. १५५२च्या कझानच्या वेढ्यापूर्वी प्रत्येक सैनिक एका ताटात एकेक नाणे टाकत पुढे जातो. लढाईनंतर जे परततील त्यांनी आपले नाणे उचलायचे, उरलेली नाणी म्हणजे मेलेल्यांची संख्या. आजारी इव्हान अंथरुणावरून खाली घसरतो, उमरावांसमोर गुडघे टेकतो, माझ्या तान्ह्या मुलाशी इमान राखण्याची शपथ घ्या म्हणून विनवतो, आणि ते एकेक करून तोंड फिरवतात. राणी अनास्तासियाच्या दुखण्यात काकू एफ्रोसिनिया विषाचा पेला अशा जागी ठेवते, की तो इव्हाननेच उचलून राणीच्या हाती द्यावा. निकोलाय चेर्कासोव्हचा तो उंच, वाकडा, ससाण्यासारख्या मानेचा इव्हान. भिंतीवर त्याच्यापेक्षा दसपट मोठी पडलेली त्याची सावली. सर्गेई प्रोकोफिएव्ह यांचे संगीत. आणि अखेरचे दृश्य : मॉस्को सोडून गेलेल्या राजाला परत बोलावण्यासाठी बर्फातून नागमोडी येणारी माणसांची रांग, आणि तिच्यावर झुकलेली, पडद्याची अर्धी चौकट व्यापणारी इव्हानची टोकदार दाढी.

त्या रात्री मी वहीत लिहिले होते, 'राजाचे एकटेपण आणि राजाचा दरारा या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.' वाक्य बरे आहे. पण आता वाचताना जाणवते, की मी तेव्हा फक्त त्या दाढीकडे पाहत होते. रांगेतल्या माणसांपैकी एकाचाही चेहरा मला आठवत नव्हता. खरे तर तो दिसतच नाही. त्या भागातला इव्हान शंभर टक्के दराऱ्याचा धनी आहे. त्याचे शत्रू नीच आहेत, त्याचा उद्देश थोर आहे. त्यामुळे त्याची भीती वाटणे हे प्रजेचे कर्तव्यच होऊन बसते.

हे असे का, याचे उत्तर चित्रपटाच्या जन्मकथेत आहे. जानेवारी १९४१ मध्ये हे काम आयझेनस्टाइन यांच्याकडे वरून सोपवण्यात आले. विखुरलेल्या सरंजामांना मोडून एकसंध राज्य उभारणारा कणखर राजा, अशी इव्हानची नवी प्रतिमा त्या काळात सोव्हिएत सत्तेला हवी होती, आणि स्टॅलिनला त्या राजाविषयी आस्था होती. जूनमध्ये जर्मन आक्रमण झाले. मॉस्कोचे स्टुडिओ कझाकस्तानातल्या आल्मा-आता येथे हलवले गेले. तिथे १९४३-४४ मध्ये चित्रीकरण झाले, तेही बहुतांशी रात्री. दिवसाची वीज युद्धसामग्रीच्या कारखान्यांना लागे. पहिला भाग जानेवारी १९४५ मध्ये प्रदर्शित झाला. वर्षभराने त्याला स्टॅलिन पारितोषिक मिळाले. २ फेब्रुवारी १९४६च्या रात्री त्याच पारितोषिकाच्या समारंभात नाचता नाचता आयझेनस्टाइन यांना हृदयविकाराचा झटका आला. दुसऱ्या भागाचे संकलन त्यांनी नुकतेच हातावेगळे केले होते.

* * *

तो दुसरा भाग पाहायला मला आणखी पाच वर्षे लागली. आणि मधल्या काळात एक गोष्ट घडली होती.

२०११च्या पावसाळ्यात आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी आमच्या एका विद्यार्थ्याने एकांकिका लिहिली. मुलगा एम. ए.च्या पहिल्या वर्षाला होता, खेड्यातून एस. टी.ने ये-जा करणारा, अबोल. कथानक अगदी साधे : एका राजाला रात्री झोप येत नाही. प्रजा आपल्याला घाबरते की नाही, ही त्याला चिंता. अखेर तो भर दरबारात विचारतो, “तुम्हाला माझी भीती वाटते का?” सगळा दरबार एका सुरात, थरथरत म्हणतो, “नाही महाराज!” आणि त्या शांततेत पंखा ढाळणारा नोकर खुदकन हसतो. त्या हसण्यावर पडदा.

राजा बोलण्याआधी काठी दोनदा जमिनीवर आपटतो, अशी रंगसूचना होती. आमच्या संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुखांना हीच सवय होती. त्या मुलाने ती लकब मुद्दाम घातली होती की नकळत आली होती, हे मी त्याला विचारलेही नाही. मी त्याला स्टाफरूममध्ये बोलावले, चहा पाजला आणि सांगितले, की शेवट नाट्यदृष्ट्या कमजोर वाटतो. हसणे उथळ आहे. त्यापेक्षा राजाला आपली चूक उमगते आणि तो प्रजेची क्षमा मागतो, असे दाखव, म्हणजे नाटकाला उंची येईल. काठी काढून टाक, ती बाळबोध आहे. पेन्सिलीने मी स्वतः दोन पाने खोडली. त्याने मान डोलावली, “बरं, मॅडम.” एकांकिकेला दुसरा क्रमांक मिळाला. पारितोषिक वितरणाला ते प्रमुख आले होते. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला, मलाही दोन चांगले शब्द सांगितले.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मला कोणी काहीही सांगितलेले नव्हते. फोन आला नव्हता, चिठ्ठी आली नव्हती, कोणी सूचकपणे खाकरलेही नव्हते. ते गृहस्थ सभ्य होते. त्यांनी एकांकिका मूळ रूपात पाहिली असती, तरी कदाचित सगळ्यांबरोबर हसले असते. दरारा होता, एवढेच. आणि मी जे बोलले ते सगळे साहित्यसमीक्षेच्या भाषेत बोलले, याची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते.

* * *

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी संगणकावर दुसरा भाग पाहिला.

या भागात पहिल्यापेक्षा खूपच कमी घटना घडतात. युद्ध नाही, प्रजा जवळजवळ नाही. आहेत त्या बुटक्या दारांच्या, खोलगट दालनांच्या अंधाऱ्या इमारती. माणसे त्या दारांतून वाकूनच ये-जा करतात. इव्हान धर्मगुरू फिलिपला आपले बालपण सांगतो. आई विषाने मेली. पोरका मुलगा सिंहासनावर बसतो, तेव्हा त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत. व्यापाराचे हक्क कोणाला विकायचे यावर उमराव त्याच्या डोक्यावरून भांडतात. ही दृश्ये मूळ योजनेनुसार पहिल्या भागाच्या सुरुवातीला येणार होती. वरच्यांना ती तिथे नको होती; आयझेनस्टाइन यांनी ती फेकून न देता दुसऱ्या भागात, इव्हानच्या आठवणीत ठेवली. या जागाबदलाने फार मोठा फरक पडला. सुरुवातीला आली असती तर ती एका राजाची जडणघडण ठरली असती. रक्तपाताच्या उंबरठ्यावर आली, तेव्हा ती एका भेदरलेल्या मुलाची कैफियत झाली.

नाट्यशास्त्र शिकवताना रौद्र आणि भयानक यांतला फरक मी दरवर्षी सांगते. रौद्राचा स्थायीभाव क्रोध, भयानकाचा भय. म्हणजे एकाच प्रसंगात क्रोध करणारा रौद्राचा आश्रय आणि घाबरणारा भयानकाचा. दोन माणसे, दोन रस. आयझेनस्टाइन यांनी हे दोन्ही रस एकाच चेहऱ्यावर आणले आहेत. फिलिपच्या आप्तांचा शिरच्छेद होतो. इव्हान अंगणात येतो, प्रेतांसमोर सावकाश टोपी काढतो, झुकतो. वाटते, आता हा माणूस मोडला. आणि मग तो मान वर करून म्हणतो, की हे फार थोडे आहेत. पश्चात्ताप आणि पुढची हत्या यांच्यामध्ये फक्त एका श्वासाचे अंतर आहे.

आणि मग ते दृश्य येते. चर्चमध्ये धार्मिक नाटक चालू आहे. बायबलमधील कथेप्रमाणे मूर्तिपूजक राजा तीन निरपराध मुलांना धगधगत्या भट्टीत टाकतो. नाटकाचा रोख इव्हानवर आहे, हे जमलेल्या सगळ्या मोठ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच सगळे गंभीर चेहरे करून उभे आहेत. इव्हान आत येतो. आईबरोबर आलेले एक लहान मूल त्याला पाहून खळखळून हसते आणि मोठ्याने विचारते, की तो दुष्ट राजा हाच का? मुलाला बोलायचे काय आणि गिळायचे काय, हे अजून कोणी शिकवलेले नाही. इव्हान वळतो, आणि याच दृश्यात तो जाहीर करतो, की तुम्ही मला जे म्हणता तेच मी यापुढे होईन, 'ग्रोज़्नी' होईन.

मी तिथे चित्रपट थांबवला. पंखा ढाळणारा नोकर डोळ्यांसमोर उभा राहिला. जे हसणे मी 'उथळ' म्हणून खोडले होते, ते जगातल्या एका श्रेष्ठ दिग्दर्शकाने आपल्या चित्रपटाच्या ऐन मध्यावर ठेवले होते.

उरलेला भाग मी दुसऱ्या दिवशी पाहिला. कृष्णधवल चित्रपट एकाएकी लाल, काळ्या आणि सोनेरी रंगांत पेटतो. इव्हानच्या काळ्या वेशातल्या शिपायांचा, ओप्रिच्निकांचा, तो बेभान नाच. एफ्रोसिनियाचा भोळसट मुलगा व्लादिमिर दारूच्या नशेत आईचा कट सांगून टाकतो. इव्हान हसत हसत त्याला राजवस्त्रे घालतो, मुकुट चढवतो. सिंहासनावर बसताना व्लादिमिर आधी लाजतो, मग त्याला ते आवडू लागते. त्याच वेशात त्याला चर्चकडे पाठवले जाते आणि इव्हानसाठी दबा धरून बसलेला मारेकरी त्यालाच भोसकतो. एफ्रोसिनिया आनंदाने धावत येते, प्रेत उलटे करते. रौद्रातून करुण निर्माण होतो, असे भरताने म्हटले आहे. त्याचा इतका थेट पडताळा मला दुसरीकडे कुठे आलेला नाही. सेराफिमा बिर्मनने साकारलेली ती करारी, पुरुषी एफ्रोसिनिया मुलाचे डोके मांडीवर घेऊन अंगाई म्हणते, तेव्हा ती कटवाली उरत नाही.

* * *

या भागाचे पुढे काय झाले, ते सर्वश्रुत आहे. सप्टेंबर १९४६ मध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीने ठराव करून त्याचा निषेध केला. ओप्रिच्निकांना अमेरिकेतल्या 'कू क्लक्स क्लॅन'सारख्या टोळीच्या रूपात दाखवले आणि कणखर इव्हानला दुबळा, हॅम्लेटसारखा केला, असे त्यात दोन मुख्य आक्षेप होते. २५ फेब्रुवारी १९४७च्या रात्री आयझेनस्टाइन आणि चेर्कासोव्ह यांना क्रेमलिनमध्ये बोलावणे आले. समोर स्टॅलिन, मोलोतोव्ह आणि झ्दानोव्ह. त्या भेटीची नोंद उपलब्ध आहे. इव्हान क्रूर होता हे दाखवायला हरकत नाही, पण त्याला क्रूर का व्हावे लागले तेही दाखवा, असे स्टॅलिनने सुनावले. इव्हानची चूक क्रौर्य ही नव्हती, तर काही बडी घराणी त्याने शिल्लक ठेवली ही होती. मारायचे आणि मग पश्चात्ताप करत बसायचे, देव त्याच्या आड येई, असेही त्याचे म्हणणे होते. झ्दानोव्हने इव्हानच्या दाढीवर आक्षेप घेतला. आयझेनस्टाइन यांनी पुढे दाढी आखूड करण्याचे आश्वासन दिले.

हा तपशील मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आले, आणि मग आले नाही. रात्री बोलावून घेतलेला, हृदयविकाराने खचलेला कलावंत दाढीची लांबी कबूल करतो आहे! चित्रपटात दुरुस्त्या करायचे त्या भेटीत ठरले. घाई करू नका, असेही सांगण्यात आले. आयझेनस्टाइन यांनी घाई केली नाही. त्यानंतर ते जेमतेम वर्षभर जगले. फेब्रुवारी १९४८ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा दुसरा भाग जसाच्या तसा होता. तिसऱ्या भागाचे जे थोडे चित्रीकरण झाले होते, ते किरकोळ तुकडे वगळता नष्ट झाले. दुसरा भाग लोकांना पाहायला मिळाला तो १९५८ मध्ये, स्टॅलिनच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी.

दिग्दर्शक मिखाईल रॉम यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की हा भाग सहकारी दिग्दर्शकांना दाखवला गेला तेव्हा इव्हानमध्ये कोण आणि त्याच्या हस्तकांमध्ये कोण दडले आहे, हे सगळ्यांना कळले होते. पण ते उघड म्हणण्याची हिंमत कोणाची झाली नाही. म्हणजे चर्चमधले ते दृश्य त्या खोलीत पुन्हा एकदा घडले. फक्त तिथे मूल नव्हते.

आयझेनस्टाइन यांना निष्कलंक ठरवायचा माझा उद्देश नाही. पहिला भाग त्यांनीच केला आणि त्याचे पारितोषिकही घेतले. सोल्झेनित्सिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इव्हान देनिसोविच'च्या कहाणीत श्रमछावणीतले दोन सुशिक्षित कैदी याच चित्रपटावर वाद घालतात. एकाला त्यातली कला थोर वाटते. दुसऱ्या म्हाताऱ्या कैद्याच्या मते हे एकाधिकारशाहीचे समर्थन आहे, आणि हुकूमशहाच्या आवडीनुसार अर्थ लावणारा कलावंत थोर असूच शकत नाही. दोघांचा वाद रंगलेला असतो आणि त्यांच्यापैकी एकासाठी लापशीचे भांडे घेऊन आलेला शुखोव्ह शेजारी ताटकळत उभा असतो. त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. मला तो म्हातारा पहिल्या भागापुरता बरोबर वाटतो. पण माझी जागा त्या वादात कुठेच नाही. मी फार तर शुखोव्हकडे न पाहणाऱ्यांपैकी एक आहे.

* * *

'हॅम्लेटसारखा' हा आक्षेप मराठीच्या शिक्षकाला वेगळ्याच दिशेने घेऊन जातो. १८८२ मध्ये आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, ते कोल्हापूरच्या तरुण महाराजांच्या प्रकरणात. महाराज वेडे आहेत असे सांगितले जात होते, आणि त्यांचा छळ होतो आहे असे या दोघांच्या पत्रांनी छापले होते. पुढच्याच वर्षी आगरकरांचे 'विकारविलसित' प्रसिद्ध झाले, 'हॅम्लेट'चे भाषांतर. अस्वस्थ राजपुत्र, त्याचे खरे-खोटे वेड आणि नाटकातल्या नाटकाने राजाला पकडणे, हे सगळे आगरकरांनी तुरुंग पाहिलेल्या डोळ्यांनी वाचले असणार. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली, कारण कीचकाच्या पोशाखात कोण उभे आहे हे सरकारला ओळखू आले. हे मी वर्गात गेली वीस वर्षे अभिमानाने सांगत आले आहे.

२०११ मध्ये मात्र उलटे घडले. तिथे सत्ताधीशाने स्वतःला ओळखावे, एवढी संधीच मी ठेवली नाही. त्याच्या वतीने मीच त्याला ओळखले, आणि आधीच बंदी घातली. आयझेनस्टाइन यांना समोर बसवून सांगितले गेले, त्यांनी 'हो' म्हटले आणि केले नाही. मला कोणी सांगितले नव्हते, आणि मी करून मोकळी झाले.

ही टोचणी अनेक वर्षे होती. पण टोचणी असणे म्हणजे काही करणे नव्हे. इव्हानही टोपी काढून झुकतो. दरवर्षी 'कीचकवध' शिकवताना मला ती पेन्सिल आठवायची, थोडे वाईट वाटायचे आणि तास संपायचा.

गेल्या वर्षी फळ्यावर 'दरारा' लिहिले त्या संध्याकाळी मी त्या विद्यार्थ्याला फोन केला. तो आता दुसऱ्या जिल्ह्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो, मुलांची नाटके बसवतो. दहा-बारा वर्षांनी मॅडमचा फोन, त्याला फार आनंद झाला. मी आडवळण न घेता म्हटले, “तुझ्या एकांकिकेचा शेवट मी बदलायला लावला, ते चुकलं. तो कमजोर नव्हता. मी घाबरले होते.”

तो क्षणभर गोंधळला. मग मोकळेपणाने म्हणाला, “अहो मॅडम, असं काय म्हणता? उलट तेव्हा तुम्ही शिकवलंत ते आजही उपयोगी पडतं. आता मीही मुलांचं नाटक बसवायला घेतलं, की आधी बघतो कुणाला काय खुपेल. ते आधीच काढून टाकतो. त्यामुळं आमच्या शाळेला कधी त्रास झाला नाही.”

त्याच्या बोलण्यात उपरोध नव्हता. असता तर बरे वाटले असते. शोकसभेत ज्या सुरात 'काय दरारा होता' म्हणतात, त्याच कृतज्ञ सुरात तो बोलत होता. मी त्याला दोन वर्षे ध्वनिसिद्धान्त शिकवला, तुकाराम शिकवला, तेंडुलकर शिकवले. त्यातले त्याच्याजवळ काय उरले ते मला माहीत नाही. हे मात्र उरले.

दुसऱ्या दिवशी विभागाच्या कपाटातून मी ती जुनी फाइल शोधून काढली. झेरॉक्सवर माझ्या पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, अजूनही ठळक. रेघांखालचे अक्षरन् अक्षर वाचता येत होते. त्या दोन पानांचे फोटो काढून त्याला पाठवले आणि विचारले, की या वर्षीच्या मुलांना ही एकांकिका तुझ्या मूळ शेवटासह वाचायला देऊ का. रात्री उशिरा उत्तर आले, “मॅडम, मी हे विसरूनच गेलो होतो. काठीचं मुद्दाम होतं. दोन दिवस द्या, आधी मीच परत वाचतो.”

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. “द्या मुलांना,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “पण मॅडम, तो नोकर हसतो ना, तिथं मुलांना मुद्दाम काही समजावून सांगू नका.”

मी सांगितले नाही. वाचन झाले तेव्हा त्या जागी दोन मुली हसल्या, आणि माझ्याकडे पाहून गप्प झाल्या.